62व्या भागानंतर झॉम्बीचं करायचं काय?

प्रश्न थोडक्यात असा: "मी मराठीत झॉम्बींवर ऑडिओ मालिका लिहितो. 62 भाग झाले. पहिल्या 20 भागांना भरभरून प्रतिसाद आला, आता ऐकणारे म्हणतात तेच तेच चाललंय. अशी गोष्ट शेकडो भाग ताजी ठेवता येते का, की हा प्रकारच मुळात छोट्या पल्ल्याचा? माझी 11 माणसं सध्या एका धरणाच्या वसाहतीत येऊन थांबली आहेत."

उत्तर आधी देऊन टाकतो, नाहीतरी आम्हा मालिकावाल्यांवर लांबण लावल्याचा आरोप असतोच. हो, ताजी राहते. फक्त झॉम्बीच्या भरवशावर राहत नाही.

मी 19 वर्षं रोजच्या मालिका लिहितोय. सासू-सुना, वाडे, मृत्युपत्रं, हरवलेली जुळी बहीण, सगळं करून झालं. मध्ये दीड वर्ष एक भुताची मालिका केली आणि अलीकडे झॉम्बींची एक 40 भागांची ऑडिओ मालिका. त्यामुळे तुमच्या दुखण्याकडे मी समीक्षकाच्या नाही, उद्या सकाळी सेटवर पानं पोहोचवायची आहेत अशा माणसाच्या नजरेनं बघतो.

दुष्काळाचं उदाहरण घ्या. नुसत्या दुष्काळावर 200 भाग लिहा म्हटलं तर कोणीही तिसऱ्या दिवशी हात टेकेल. ऊन, भेगा, रिकामी घागर, पुन्हा ऊन. पण त्या दुष्काळात गावातली एकुलती एक जिवंत विहीर कोणाच्या मळ्यात आहे ते सांगा, आणि मग बघा. तिथे पाणी भरायला कोणी जायचं आणि कोणी नाही, टँकर आला की यादी कोण वाचतो, मुकादमानं उचल दिली ती कोणत्या बोलीवर, थोरल्या मुलीचं लग्न या वर्षी उरकायचं की नाही. 200 भाग कमी पडतील. झॉम्बी म्हणजे दुष्काळ. त्याला काही हवं नसतं. तो शिकत नाही, म्हातारा होत नाही, डूख धरत नाही, लाच खात नाही. समोरचा चालच करत नसेल तर डाव किती वेळ रंगणार?

तुमचे पहिले 20 भाग चालले, कारण तेव्हा ऐकणारा नियम शिकत होता. चावल्यावर किती वेळ मिळतो? त्यांना ऐकू येतं की वास येतो? पाण्यात बुडतात का? हा साठा कणगीतल्या ज्वारीसारखा असतो, रोज थोडा थोडा संपतो. नियम कळले की भीती जाते आणि उरते ती नुसती कटकट. माझ्या भुताच्या मालिकेत 30व्या भागापर्यंत पैंजण वाजले की घरात सगळे गप्प व्हायचे म्हणे; 90व्या भागाला पैंजण वाजले की लोक चहा टाकायला उठायचे. आमच्याच स्पॉटदादांनी हे तोंडावर सांगितलं होतं.

आता ज्याच्यावर सगळ्यात जास्त शिकता येईल असा नमुना घेऊ, 'द वॉकिंग डेड'. रॉबर्ट कर्कमन यांची ही अमेरिकन कॉमिक मालिका. ऑक्टोबर 2003 मध्ये सुरू झाली, जुलै 2019 मध्ये 193व्या अंकाला संपली. पहिले 6 अंक टोनी मूर यांनी काढले, पुढचे सगळे चार्ली अ‍ॅडलार्ड यांनी. तिच्यावरची टीव्ही मालिका 2010 ते 2022 चालली, 11 सीझन, 177 भाग. एकच गोष्ट, तीच माणसं, दोन माध्यमं, आणि कुठे ताजी राहिली, कुठे शिळी झाली हे शेजारी शेजारी ठेवून बघता येतं. लिहिणाऱ्याला अशी सोय क्वचित मिळते. (इथून पुढे शेवटासकट सगळं सांगणार आहे. वाचायचं राहिलं असेल तर आधी वाचून या.)

त्याच्या जन्माची गंमत आधी ऐका. नुसत्या झॉम्बींची गोष्ट कोण घेणार, असं प्रकाशकाकडून आलं, तेव्हा कर्कमननी ठोकून दिलं की पुढे उघड होईल, हे सगळं परग्रहावरून आलेल्यांचं कारस्थान आहे. गोष्ट मंजूर झाली. परग्रहवासी कधीच आले नाहीत. 75व्या अंकात एक थट्टेची पुरवणी तेवढी आली. चॅनेलच्या मीटिंगमध्ये अशा थापा मीही मारल्या आहेत, पण माझ्या परग्रहवाल्यांना पुढे यावंच लागलं. असो. यातलं घेण्यासारखं एवढंच की 'रोग आला कुठून' हे कर्कमननी 193 अंकांत सांगितलं नाही आणि कोणाचं काही अडलं नाही. तुम्ही 48व्या भागात प्रयोगशाळेचं रहस्य सुरू केलंय, ते जमेल तितक्या लवकर गुंडाळा. उत्तर मिळालं की गोष्ट बसते, नाही मिळालं तर लोक चिडतात. दोन्हीकडून मार.

या गोष्टीचा सांगाडा असा. माणसं भटकतात, आसरा सापडतो, आत किंवा बाहेर एक माथेफिरू निघतो, आसरा मोडतो, पुन्हा भटकंती. शेत, मग तुरुंग, मग अलेक्झांड्रिया नावाची तटबंदीची वस्ती. आमच्या भाषेत याला ट्रॅक म्हणतात. ट्रॅक बदलला की गोष्ट पुढे गेली असं लेखकाला वाटतं, बघणाऱ्याला मात्र कळतं की बैल घाण्यालाच फिरतोय. तुमच्या 62 भागांची वनलाइन, म्हणजे थोडक्यात रूपरेषा, मी वाचली: मॉल, शाळा, साखर कारखान्याचं गोदाम, आता धरण. प्रत्येक ठिकाणी एक दुष्ट पुढारी. मॉलमधला माजी नगरसेवक आणि गोदामातला तो सुभेदार यांचे संवाद अदलाबदल केले तर कोणाच्या लक्षात येईल? मला शंका आहे.

कॉमिक या घाण्यातून दोनदा बाहेर पडलं, आणि दोन्ही वेळा काळाचा हात धरून.

पहिल्यांदा 127व्या अंकात. 126व्या अंकाला निगन या खंडणीखोर म्होरक्याशी चाललेलं मोठं युद्ध संपलं आणि गोष्ट सुमारे दोन वर्षं पुढे उडी मारते. आमच्याकडे लीप म्हणतात तीच. पण आमचा लीप कसा असतो? केसांत पांढरी बट, चष्मा, आणि वीस वर्षांनीही दिवाणखान्यात तोच सोफा. 127व्या अंकात काय काय बदललंय बघा. जुना नायक रिक काठी टेकत चालतो. पिकं उभी आहेत. वस्त्यांमध्ये देवाणघेवाण चालते. आणि झॉम्बींचा कळप समोर आला तर घोडेस्वार त्याला हाकून दुसरीकडे वळवतात, रोजचं काम असल्यासारखं. 100 अंक ज्याच्या भीतीवर उभे राहिले, तो आता गुराख्याच्या कामाचा विषय झाला. भीती मुद्दाम कमी केली. हे धाडस आहे, कारण कोणताही एक्झिक्युटिव्ह प्रोड्युसर विचारेल, मग हुक काय, लोकांना धरून कशानं ठेवायचं? हुक असा की निगन जिवंत आहे. त्याला मारलेला नाही, कोठडीत ठेवलाय. ज्यानं 100व्या अंकात रिकच्या सोबत्याचं, ग्लेनचं, डोकं फोडलं, त्याला रोज दोन वेळा जेवण द्यावं लागतं. ते कोणी न्यायचं? ग्लेनची बायको शेजारच्या वस्तीची प्रमुख आहे, तिनं हे कसं सोसायचं? झॉम्बी एकही नाही आणि तरी हे पुढचे 60 अंक पुरतं.

दुसऱ्यांदा 175व्या अंकापासून, कॉमनवेल्थ नावाच्या वस्तीत. 50 हजार माणसं, दुकानं, खेळाचं मैदान, सगळं पूर्वीसारखं. आणि आत गेल्यावर पहिला प्रश्न: आधी काय करत होतात? जुन्या जगात जो वकील होता तो वरचा, जो हमाल होता तो हमाल. मी वाचताना इथे थांबलो. विहीर कोणाच्या मळ्यात आहे, तोच प्रश्न. 192व्या अंकात रिक मरतो, आणि तो झॉम्बीच्या हातून मरत नाही. तिथल्या राज्यकर्तीचा लाडावलेला मुलगा त्याला गोळ्या घालतो.

आणि मग शेवटचा, 193वा अंक. बरीच वर्षं लोटली आहेत. रिकचा मुलगा, पहिल्या अंकांतला लहानगा कार्ल, आता बाप झालाय, शेतावर राहतो. त्याच्या आवारात एक झॉम्बी येतो आणि तो त्याला मारतो, आयुष्यभर करत आला तसं. त्याबद्दल त्याच्यावर खटला होतो. कारण झॉम्बी आता इतके दुर्मिळ झालेत की एक खेळवाला पिंजऱ्यात घालून गावोगाव दाखवतो, आणि हा त्याच्या मालकीचा होता. तो खेळवाला म्हणजे त्याच ग्लेनचा मुलगा. नव्या पिढीला त्या पिंजऱ्यात करमणूक दिसते. कार्लच्या डोळ्यांसमोर आईबाप येतात. मी हा अंक आमच्या लेखकांच्या टीमला वाचायला देतो आणि एकच प्रश्न विचारतो: यात झॉम्बी बदलला का? केस न केस तसाच आहे. 16 वर्षांत त्याच्याभोवतीचं सगळं बदललं, म्हणून शेवटच्या अंकात तोच झॉम्बी पुन्हा नवा दिसला.

शेवट जवळ आलाय हे फुटू नये म्हणून पुढच्या अंकांच्या खोट्या जाहिराती दिल्या होत्या. वाचकानं 193वा अंक हातात घेतला तेव्हा त्याला कळलं की हा शेवटचा. चालती मालिका अशी आपण होऊन बंद करणं मला तरी कधी जमलेलं नाही, बंद करायला सांगणारे दुसरेच असतात.

आता टीव्हीकडे. ऑक्टोबर 2014 मध्ये पाचवा सीझन सुरू झाला तेव्हा पहिला भाग अमेरिकेत सुमारे 1 कोटी 73 लाख लोकांनी बघितला. नोव्हेंबर 2022 मध्ये शेवटचा भाग टीव्हीवर बघितला सुमारे 23 लाखांनी. सगळीच केबल या काळात घसरली, लोक मोबाईलवर गेले, हे धरूनही हा कडा मोठा आहे. लोक झॉम्बीला कंटाळले, असं सोपं स्पष्टीकरण दिलं जातं. माझं मत वेगळं आहे. लोकांना फसवलं गेलं आणि त्यांनी ते लक्षात ठेवलं.

सहाव्या सीझनच्या तिसऱ्या भागात, ऑक्टोबर 2015 मध्ये, ग्लेन कचऱ्याच्या मोठ्या पेटीवरून झॉम्बींच्या घोळक्यात पडतो. आतडी बाहेर ओढलेली दिसतात, तो किंचाळतो. श्रेयनामावलीतून नटाचं नावही काढलं. जवळजवळ महिनाभर देश हळहळला. मग कळलं की आतडी त्याच्या अंगावर पडलेल्या दुसऱ्याची होती, हा पेटीखाली सरपटत गेला होता. म्हणजे मरण आता कॅमेऱ्याच्या कोनावर अवलंबून. त्याच सीझनच्या शेवटी, एप्रिल 2016 मध्ये, निगन बॅट उचलतो, कोणाच्या तरी डोक्यात घालतो, आणि कोण ते न दाखवता पडदा. उत्तर ऑक्टोबरमध्ये. कॉमिकमध्ये हाच प्रसंग एका अंकात, उघड्या डोळ्यांसमोर होतो. टीव्हीवर ऑक्टोबरच्या त्या भागाला 1 कोटी 70 लाख आले, बघितलं कोण मेलं, आणि पुढच्याच आठवड्याला आकडा सव्वा कोटीच्या आसपास आला. लोक उत्तर घ्यायला आले होते. घेऊन गेले.

मला हे इतकं ठाम का वाटतं, तर मी स्वतः हेच केलंय. ती भुताची मालिका 120 भागांची ठरली होती. रेटिंग आलं, चॅनेलनं ती वाढवायला सांगितली (कोणतं चॅनेल ते राहू दे, माणसं अजून फोन उचलतात). 118व्या भागात आजीचा मृत्यू लिहिला होता, गोष्टीचा खांब होती ती. चितेपर्यंत शूट झालं. वाढीव भागांसाठी मी आजीला परत आणलं: ती मेलेलीच नव्हती, चितेवर दुसरीच बाई होती. दोन आठवडे आकडा चढला, मला पेढेही मिळाले. त्यानंतर त्या मालिकेत कोणी मेलं की घरोघरी लोक म्हणायचे, येईल परत. 160व्या भागात खरोखर महत्त्वाचं पात्र मारलं तर कोणाच्या डोळ्यांत पाणी नाही. मी स्वतःच्या हातानं मरण स्वस्त केलं होतं, आणि मरण स्वस्त झालेल्या भुताच्या मालिकेत विकायला दुसरं असतं काय? तुमच्या 57व्या भागात सायली कॅनॉलमध्ये वाहून गेली आहे आणि प्रेत सापडलेलं नाही. तुमच्या डोक्यात काय चाललंय ते मला कळतं. तिला परत आणू नका.

टीव्ही मालिकेची दुसरी चूक जास्त खोल आहे आणि तिच्याबद्दल कमी बोललं जातं. कार्लला त्यांनी 2018 मध्ये, आठव्या सीझनमध्ये मारलं. कॉमिकचा शेवट ज्याच्या डोळ्यांतून दिसतो, तो मुलगा. जुनं जग अर्धवट आठवणारा, नव्या जगात वाढलेला. पोर असलं की कॅलेंडर आपोआप चालतं. पोराची उंची वाढते, आवाज फुटतो, ते आईबापांना विचारतं की हे असं का. मोठ्यांच्या गोष्टीत काळ दाखवायला पाटी लावावी लागते, 'दोन वर्षांनंतर'. त्यांनी घरातलं घड्याळच फोडलं.

तरीही त्याच टीव्ही मालिकेनं मध्ये एकदा श्वास घेतला, आणि तो तुमच्या कामाचा आहे. 2018 च्या शेवटी नववा सीझन सुरू होतो तेव्हा ही मंडळी वॉशिंग्टनमधल्या एका संग्रहालयात घुसतात. बंदुका आणायला नाही. नांगर, जुनी छकड्यासारखी गाडी, बियाणं आणायला. पेट्रोल साठवून ठेवलं तरी वर्षा-दोन वर्षांत खराब होतं, हे लोकांनी त्यांना कितीदा ऐकवलं होतं; शेवटी मालिकेनंच ते मानलं आणि घोड्यावर बसली. काचेच्या जमिनीवरून नांगर ओढत न्यायचा, काच तडकतेय, खाली झॉम्बी. माझ्या मते त्या मालिकेतल्या सर्वांत चांगल्या थरारक प्रसंगांपैकी हा एक, कारण नांगर पडला तर नुसता माणूस जाणार नव्हता, पुढचा हंगाम जाणार होता.

लांब पल्ल्याचा हा एकच रस्ता आहे असं नाही. जॉर्ज रोमेरो यांनी 1968 च्या 'नाइट ऑफ द लिव्हिंग डेड'पासून 40 वर्षांत 6 चित्रपट केले आणि जवळजवळ प्रत्येकात माणसं नवी घेतली. 1968 मध्ये शेतावरचं घर, 1978 मध्ये मॉल, 1985 मध्ये जमिनीखालचा लष्करी तळ, 2005 मध्ये तटबंदीचं शहर आणि मधोमध श्रीमंतांचा मनोरा. जग तेच, विहीर दर वेळी दुसऱ्या मळ्यात. नायक बदलला की थकवा येत नाही, पण 62 भाग एकाच 11 माणसांत जीव गुंतलेल्या तुमच्या श्रोत्याला हे पटणार नाही. 'द लास्ट ऑफ अस' या गेमच्या 2020 च्या दुसऱ्या भागानं वेगळा डाव टाकला: अर्धा खेळ तुम्ही नायिकेच्या शत्रूच्या बाजूनं, त्या शत्रूच्याच हातपायांनी खेळता. कित्येक खेळणारे भयंकर भडकले. ताजेपणाची किंमत कधी कधी अशी मोजावी लागते.

आणि मूळ झॉम्बीकडे परत जायचं तर तो माणसं खाणारा नव्हताच. तो हैतीचा. 1915 ते 1934 हैती अमेरिकेच्या लष्करी ताब्यात होतं, त्या काळात 1929 साली विल्यम सीब्रुक या प्रवासी लेखकाच्या पुस्तकातून हा शब्द अमेरिकेत पसरला. त्यात गोष्ट आहे ती साखर कंपनीच्या मळ्यात राबवलेल्या मेलेल्या माणसांची. त्यांची मजुरी त्यांना आणणारा घेतो. हैतीच्या माणसाला झॉम्बी आपल्याला खाईल ही भीती नव्हती. मेल्यावरही गुलामी सुटणार नाही, ही होती. ऊसतोडीच्या टोळ्या बघितलेल्या माणसाला ही भीती वेगळी समजावून सांगावी लागू नये. तुमच्याकडे साखर कारखान्याचं गोदाम होतं, मुकादम होता, कोयता होता, आणि तुम्ही तिथे सुभेदाराची गोळीबारी केलीत! मला वाचताना चुटपुट लागली.

कोरियन मालिका 'किंगडम' (2019) मात्र अशी संधी सोडत नाही. राजेशाहीचा काळ, युद्धानंतरची उपासमार. दवाखान्यातल्या उपाशी रुग्णांना एक जण मांस शिजवून देतो, कशाचं ते न सांगता. ते चावा बसून मेलेल्या मुलाचं असतं, आणि रोग तिथून पसरतो. राजवाड्यात एक रोगी राजा कोंडून ठेवता आला होता. भुकेनं तो रोग देशभर सोडला. गोष्टीचा कणा एका पातेल्यात आला. आपल्याकडे 2022 च्या 'झोंबिवली'नं डोंबिवलीत टॉवर आणि झोपडपट्टी समोरासमोर उभी केली, ती नजर मला आवडली होती, पण तो दोन तासांचा चित्रपट. लांबणीची परीक्षा त्याला द्यावी लागली नाही.

आता तुमचं धरण. तुम्ही ते निव्वळ भिंत म्हणून निवडलंत, एका बाजूला पाणी, म्हणून झॉम्बी कमी. पण धरण हे जगातलं सगळ्यात मोठं 'विहीर कोणाची' आहे, आणि ते तुमच्या हातात आयतं पडलंय. तुमच्या गोष्टीत आता ज्येष्ठ संपत आलाय, म्हणजे पाऊस तोंडावर. धरण मातीचं, सांडव्याला वक्राकार लोखंडी दरवाजे. पूर्वी पाणी वाढलं की वरून आदेश यायचे, भोंगा वाजायचा, दरवाजे उचलायचे. आता आदेश देणारं कोणी नाही. दरवाजे उचलले नाहीत आणि पाणी मातीच्या भिंतीवरून गेलं, तर ती भिंत धुऊन निघते, मग वसाहतही नाही आणि खालचं खोरंही नाही. वीज नाही, डिझेल तुम्ही 59व्या भागात संपवलंय. म्हणजे हातानं हँडल फिरवून दरवाजा चढवायचा, तासन् तास, पावसात, आळीपाळीनं. कोणता दरवाजा आधी, किती उचलायचा, हे कोणाला येतं?

तुमच्या 11 जणांत एक म्हातारा पाटकरी आहे. 62 भागांत त्याला 4 वाक्यं आहेत, मी मोजली. आयुष्यभर पाटाच्या पाण्याच्या पाळ्या वाटलेला माणूस. कोणाच्या रानात किती तास, कोण रात्री चोरून दार फोडतो, सगळं डोक्यात. साहेबांनी कधी खुर्ची दिली नसेल. आज त्याच्याशिवाय पान हलणार नाही. तुमचा नायक कॅप्टन म्हणून मिरवतोय, पण पहिला जोराचा पाऊस झाला त्या रात्री कॅप्टन कोण?

आणि खाली कोण राहतं? शाळेतून तुम्हाला हाकलून लावणारी ती टोळी खालच्या गावात नदीकाठी आहे, हे तुम्हीच 55व्या भागात सांगून ठेवलंय आणि विसरलात. विसर्ग सोडला तर त्यांची पेरणी जाईल, रात्री सोडला तर माणसंही. सांगायला कोणी जायचं? ते विश्वास का ठेवतील? पाटकरी म्हणेल, आधी निरोप, मग पाणी. खात्याचा तोच नियम होता. नायक म्हणेल, त्यांनी आपल्याला हाकललं तेव्हा कुठला नियम होता? या एका भांडणात तुमचे 10 भाग आहेत, आणि नंतर झालेल्या गोष्टीचे पुढे 40. कारण पाणी सोडलं की ते परत भरता येत नाही, आणि खालच्या गावात कोण उरलं, कोण नाही, हे कायमचं.

झॉम्बी? तेही येतील. पूर आला की वरच्या गावांतून वाहत येतील, दरवाजाच्या फटीत अडकतील. दरवाजा पूर्ण खाली बसत नाही म्हणून पाणी वाया चाललंय आणि कोणीतरी उतरून ते काढायला हवं. मग ऐकणारा पुन्हा घाबरेल, कारण आता झॉम्बीमुळे उन्हाळ्याचं पाणी जातंय.

ऑडिओ आहे तर एक फुकटचा सल्ला. तुमचे गुरगुराटाचे आवाज 62 भाग एकच आहेत, ते 3 भाग बंद ठेवा. हँडल फिरताना लोखंडाचा करकर आवाज, मध्येच दात निसटल्याचा खटका, पत्र्यावरचा पाऊस, एवढ्यावर भाग काढा. रेकॉर्डिंगला जुन्या रहाटाचा आवाज चालतो, मी वापरलाय.

63वा भाग पाटकऱ्यापासून सुरू करा. तो सकाळी उठून पाण्याच्या पट्टीवर पातळी बघतो आणि जुन्या रजिस्टरमध्ये लिहून ठेवतो, कोणी सांगितलेलं नसताना, कोणाला पाठवायचं नसताना. लहान पोरगी विचारते, आजोबा, हे कोणासाठी लिहिता? तिथे त्याला काय बोलू द्यायचं ते तुम्ही ठरवा, पण लांबलचक भाषण नको, म्हातारा कामात आहे. रजिस्टरची पानं किती उरलीत, एवढं मात्र तिला मोजायला लावा.